चौथ्या माळ्याची आडभिंत

घर आधी आडवं असतं, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मुलुंडला मिठागरांच्या कडेला यार्डात कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते पाहिलं. लांबच लांब लोखंडी टेबलं आणि त्यांच्यावर भिंती निजलेल्या. भिंतींना खिडक्या होत्या, पण त्याही आडव्या. सकाळी मारलेलं पाणी खिडकीच्या चौकटीत साचायचं आणि त्यात आभाळ दिसायचं. एकदा खाडीकडून एक बगळा आला आणि अशाच एका खिडकीत एका पायावर उभा राहिला. त्या घरात अजून कुणी राहायला गेलं नव्हतं. पहिला तोच.

यार्डात इमारत अशी तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असायची. एका बाजूला स्लॅब एकावर एक रचलेले, मध्ये लाकडाच्या फळ्या घालून. एका बाजूला वाळलेल्या भिंती लोखंडी घोड्यांना टेकून उभ्या. आणि कुंपणाजवळ जिने. सात-आठ पायऱ्या चढून कुठेच न जाणारे जिने. दुपारी आम्ही बायका त्यांच्यावर बसून डबा खायचो. चौथ्या माळ्याच्या जिन्यावर बसून मी जेवले आहे, पाय जमिनीला टेकवून.

सगळं आधी इथे ओतायचं, पाणी पाजून पक्कं करायचं, मग ट्रेलरवर घालून घाटकोपरला न्यायचं आणि तिथे क्रेनने एकावर एक लावायचं. माझं काम पाण्याचं. भिंत ओतली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर गोणपाट टाकायचं आणि पाइपने भिजवायचं. तापलेल्या माणसाच्या कपाळावर फडकं बदलावं तसं. दुपारच्या उन्हात भिंतींतून वाफ निघायची. सगळीकडे हलकं धुकं व्हायचं आणि त्यात माणसं कमरेपर्यंतच दिसायची. मला ते फार आवडायचं. मी कमी बोलते. काही बोलायचं झालं तर आधी मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असतं. भिंती कुठे जात नसत. त्यांच्यापाशी मला घाई नव्हती.

पुढे नंबर रंगवायचं कामही माझ्याकडे आलं. चौथीपर्यंत शिकले, पण माझे आकडे वळणदार आहेत. पत्र्याच्या साच्यातून लाल रंगाने आधी माळ्याचा आकडा, मग खोलीचा. ज्या बाजूवर गोणपाट टाकायचं, म्हणजे आभाळाकडच्या बाजूवर, तिथेच नंबर.

आता मी तिथे पोचले कशी, ते सांगते. घाटकोपरची आमची चाळ पाडून तिथे इमारत व्हायची होती. ती होईपर्यंत आम्हाला मुलुंडला पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं होतं. यार्ड तिथून चालत दहा मिनिटांवर. पाणी मारायला बायका हव्यात असं कळलं, तेव्हा आमच्यातल्या चौघी गेलो. कामाला लागून सहा-सात महिने झाल्यावर एका सकाळी ऑफिसच्या फळ्यावर नवीन कागद लागला आणि त्यावर आमच्या चाळीचं नाव होतं. मी तो कागद दोनदा वाचला. मग पाइप घेऊन कामाला गेले. 

म्हणजे आता जे ओतलं जाणार होतं, ते आमचं घर होतं.

चाळ पाडण्याआधीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आमच्या वाट्याला चौथा माळा, खोली सात आली होती. त्या दिवसापासून यार्डात फिरताना मी घर लावायची. हा स्लॅब पायाखाली. ही खिडकी रस्त्याकडे. ही मोरीची भिंत, हिला नळाचं भोक. पाणी मारत मारत मी एका खोलीतून दुसरीत जायची, मध्ये चहाची सुट्टी यायची, आणि परत आले की स्वयंपाकघर ट्रेलरवर चढून निघून गेलेलं असायचं.

घरी माझी सासू होती. मी तिला आई म्हणते. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेले आहेत. ती मालवणकडची, आणि बोलायला माझ्या अगदी उलट.

चाळीतल्या खोलीत आई एकटी फिरायची. मधल्या भिंतीत एक कोनाडा होता, वर गोल, हाताच्या उंचीवर. पूर्वी त्यात दिवा असायचा. डोळे गेल्यावर आईने तिथे आपलं सामान मांडलं. मिसरीचा डबा, फणी, एक गोल आरसा जो ती कुणाला काढू द्यायची नाही. कोनाड्यात हात गेला की तिला सगळं घर कळायचं. तिथून उजवीकडे पाच पावलं मोरी. डावीकडे तीन पावलं गॅस. ती स्वतःचा चहा स्वतः करायची आणि आम्हाला वर नावं ठेवायची, की तुम्ही डोळ्यांचे असून दूध उतू घालता.

पत्र्याच्या खोलीत आल्यावर ते सगळं थांबलं. पत्रा सगळीकडे सारखा. उन्हाळ्यात त्याला हात लावला की भाजायचा. पहिल्याच आठवड्यात आई मोरी समजून दाराबाहेर गेली आणि गटाराच्या कडेला पडली. त्यानंतर ती उठेनाच. चटईवर बसून राहायची, आणि कुठे जायचं तर मला हाक मारायची.

"हय मी पाव्हणी," ती म्हणायची. "आपल्या घरात गेलंय की चालतलंय."

मी हो म्हणायची. पण मनात भीती होती. जी भिंत मी रोज भिजवत होते ती गुळगुळीत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला तरी हाताला काही लागणार नाही अशी. आई पाव्हणीची पाव्हणीच राहणार होती, आणि हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

एके दिवशी तिनेच विचारलं. "माका एकच सांग गो. भिंतीक कोनाडो आसतलो काय नाय?"

"आई, त्या भिंती साच्यातल्या असतात. सगळ्यांना एकसारख्या."

"मग साच्यात कोनाडो घाला. चकलेच्या साच्याक भोक असता, भिंतीच्या साच्याक नसता?"

माझे मिस्टर जेवत होते. ते हसले. "आये, तो कारखाना आसा. तुझ्यासाठी कोण थांबतलो थय?"

"तू गप रव," आई म्हणाली. "तुका कोण इचारूक नाय. तुझी बायको थय कामाक आसा, तू नाय."

मिस्टर हसत हसत जेवत राहिले. पण मला रात्रभर ते वाक्य आठवत राहिलं. तुझी बायको थय आसा.

साच्याचं काम बघणारे मिस्त्री सोलापूरकडचे होते. पिकलेल्या मिशा, कानाला कायम पेन्सिल. मी त्यांना काका म्हणायची. भिंतीत जिथे बटणांचा बोर्ड यायचा, तिथे ते थर्माकोलचा ठोकळा बसवायचे. काँक्रीट ओतलं, घट्ट झालं, की ठोकळा खरवडून काढायचा. तिथे खड्डा राहतो. हे मी रोज बघत होते. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी तीन दिवस मनात म्हणून पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांच्यापुढे गेले आणि सगळं विसरले.

"काय ताई? पाणी संपलं का?"

"नाही. भिंतीत... एक ठोकळा पाहिजे होता. जास्तीचा."

"ठोकळा? कशाला?"

मी हाताने दाखवलं. वर गोल, खाली सपाट. ते बघत राहिले. मग म्हणाले, "कोनाडा होय! आमच्या गावाकडच्या घरात सात हायती. बंगला बांधताय का काय?"

मग मी आईचं सांगितलं. इतकं सलग मी यार्डात कधी बोलले नव्हते. त्यांनी पेन्सिल काढली, परत कानाला लावली.

"कुठली भिंत?"

"चार-सात आणि चार-आठच्या मधली."

"ती आडभिंत. तिच्यावर वजन येत नाही. सहा इंच जाड हाय, तीन इंच घेतलं तर काय बिघडत नाही." त्यांनी ऑफिसकडे पाहिलं. "मॅडमला विचारू म्हणता? का नको?"

मॅडम म्हणजे इंजिनियर मुलगी. वागायला चांगली होती, पण मला तिच्यापुढे घाम यायचा. मी मान हलवली. नको.

"बरं. ठोकळा तुम्ही आणा. इथले ठोकळे मोजून येतात."

कुणाच्या तरी नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मी कचऱ्याच्या ढिगातून उचलून आणला. सुरीने कापायला बसले तेव्हा पांढरे दाणे सगळ्या खोलीभर उडाले, माझ्या केसांत, आईच्या पातळावर. आईने मापासाठी दोन्ही हात समोर धरले, हवेत. तळवे एकमेकांकडे. "इतको," म्हणाली. मी तिच्या तळव्यांमध्ये सुतळी धरली. तिचे हात जरासुद्धा हलत नव्हते. पाडलेली चाळ तेवढ्या जागेत होती, त्या दोन तळव्यांच्या मध्ये.

ठोकळा तयार झाल्यावर तिने तो मांडीवर घेऊन चाचपला.

"वर गोल नाय झालो."

"केलाय की आई."

"ह्येका गोल म्हणतंस? उंदराच्या बिळासारखो दिसता. आणखी घास."

मी आणखी घासला. मग तिने त्यात हात घातल्यासारखं केलं, ठोकळ्यात कुठे हात जाणार, पण बोटं वळवून पाहिली आणि म्हणाली, "हां. हयसर मिसरी." त्या दिवशी ती पत्र्याच्या खोलीत आल्यानंतर पहिल्यांदा गुणगुणली.

ठोकळा मी डब्याच्या पिशवीत घालून यार्डात नेला. आमची भिंत त्याच दिवशी ओतायची होती. टेबल पुसून झालं होतं, तेल लावलं होतं, सळ्यांची जाळी बसली होती. काकांनी ठोकळा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "बाजू कुठली?"

"म्हणजे?"

"अहो ताई, भिंतीला दोन बाजू. एक तुमच्या घरात, एक शेजारच्याच्या. आता ही निजलेली हाय. तुमची बाजू खालची का वरची? खालची असंल तर आत्ता टेबलाला चिकटवतो, सोपं काम. वरची असंल तर जाळीला तारेनं बांधाय लागंल, नायतर तरंगतंय ते. नकाशा मॅडमच्या टेबलावर हाय. बघून येता?"

ऑफिसच्या काचेतून मॅडम दिसत होती. फोनवर बोलत होती. मी दाराकडे चार पावलं गेले. तिथे उभी राहिले. काय विचारायचं ते मनात म्हणून पाहिलं. मग परत आले.

"वरची," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो. वरचीच."

मला खरंच तसं वाटत होतं. चार-सात हा नंबर मी आभाळाकडच्या बाजूवर लिहिणार होते. मग ती बाजू चार-सातकडे बघणार नाही तर कुठे बघेल? आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या ठामपणे काही सांगितलं. काकांनी तारेने ठोकळा बांधला, भोवती काँक्रीट आलं, आणि संध्याकाळपर्यंत थर्माकोलचा पांढरा तुकडा करड्या भिंतीत अर्ध्या चंद्रासारखा दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मीच तो खरवडून काढला. कोनाडा पाण्याने भरून घेतला. इतर भिंतींना गोणपाट टाकून मी परत परत तिथे यायची. भिंतीला बोर्डाचे खड्डे होते, पाइपाची भोकं होती. त्यात आणखी एक. कुणी विचारलं नाही.

मग तिला उचलायचा दिवस आला. क्रेनचे आकडे वरच्या कडेला अडकवले, आणि भिंत हळूहळू उठली. झोपेतून उठणारं माणूस आधी डोकं वर करतं, तशी. तिच्या अंगावरून पाणी खाली आलं. जमिनीवरून सुटली आणि हवेत सावकाश फिरायला लागली. एकदा कोनाड्याची बाजू माझ्याकडे, एकदा कोरी बाजू. कोनाडा, कोरी, कोनाडा. दोऱ्या धरलेली माणसं तिला थांबवत होती आणि ती वाऱ्याने फिरतच होती. आमचं घर हवेत आहे आणि मी खाली उभी आहे, एवढंच मला कळत होतं. ट्रेलर निघाला तेव्हा कोनाडा मागे, माझ्याकडे तोंड करून. वळणापर्यंत तो दिसला.

शंका मला त्याच आठवड्यात आली. दुसऱ्या एका भिंतीवर नंबर रंगवताना ब्रश हातात तसाच राहिला. वरच्या बाजूवर नंबर का लिहितो? कारण खालची बाजू टेबलाला चिकटलेली असते. एवढंच. घराशी त्याचा काही संबंध नव्हता. मी त्या ओल्या भिंतीच्याच कडेला बसले.

तरी मी कुणाला विचारलं नाही. अर्धी शक्यता होती ना, की बरोबर असेल. त्या अर्ध्या शक्यतेवर मी दीड वर्ष काढलं. आई रोज कोनाड्याबद्दल काहीतरी बोलायची, फणी डावीकडे ठेवायची की उजवीकडे, आणि मी हो हो करायची.

चाव्या मिळाल्या. लिफ्टमध्ये आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. खोली सातचं दार उघडलं, आत चुन्याचा आणि नव्या रंगाचा वास. आईने चप्पल काढली, माझा हात सोडला आणि म्हणाली, "खंय आसा?"

मी बघितलं. भिंत पांढरी होती. इकडून तिकडे पांढरी.

आईने दोन्ही हात भिंतीला लावले आणि चालायला लागली. तळवे वर, खाली, परत वर. खिडकीपर्यंत गेली. परत आली. मिस्टर सामान आत आणत होते, त्यांनी विचारलं, "गावलो काय कोनाडो?" मी आईकडेच बघत होते. आई तिसऱ्यांदा तशीच गेली, आता जरा घाईने. मग थांबली.

"ही ती भिंत न्हय," ती म्हणाली.

"तीच आहे आई."

"मग माका फशयलंस तू?"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू बोलली. मी तिला हाताला धरून पलंगावर बसवलं, आणि तिथे ती बसली. पत्र्याच्या खोलीत चटईवर बसायची, इथे पलंगावर. तेवढाच फरक. मोरीला जायचं तर हाक. पाणी प्यायचं तर हाक. हाकही आता गो लावून नाही. नुसतं, "आसंस?"

दहा-बारा दिवस असे गेले. भिंतीच्या पलीकडे खोली आठमध्ये चाळीतलंच एक जोडपं आलं होतं. बाई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पार्लरचं काम करते, आणि तिचा आवाज आमच्या माळ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. एके दुपारी मी तिच्याकडे गेले. जाण्याआधी मनात काही म्हणून बघितलं नाही, कारण बघत बसले असते तर गेलेच नसते.

"अय्या, वहिनी! तुम्ही? या ना, चप्पल राहू दे. चहा टाकते."

मी आत गेले आणि तो दिसला. आमच्या भिंतीत, तिच्या बाजूला. गुळगुळीत रंग लावलेला, वर गोल. त्यात मोबाइल चार्जिंगला लावलेला, पावडरचा डबा आणि केसांच्या चिमट्यांचा ढीग.

"बघताय ना?" ती म्हणाली. "बिल्डर मेला एवढा चांगला कधीपासून झाला? सगळ्या माळ्यावर फिरून आले मी, कोणाकडे नाही. एकट्या आम्हालाच! माझी सासू तर म्हणते, पायगुण."

"तो माझा आहे," मी म्हणाले.

"काय?"

"तो कोनाडा. मी केलाय. चुकून तुमच्याकडे आला."

तिने गॅस बंद केला. मी सगळं सांगितलं, यार्ड, ठोकळा, वरची बाजू.  ऐकून ती अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं.

"सॉरी हां वहिनी, सॉरी. पण आता काय करू मी? भिंत फिरवू?"

मलाही हसू आलं. पण ते हसता हसता रडण्याकडे गेलं, आणि ती एकदम उठून माझ्याजवळ आली. "अगं, रडतेस काय वेड्यासारखी! ऐक. आजींना हाताला काहीतरी लागायला पाहिजे, एवढंच ना?" बोलता बोलता तिने चमचा उचलला आणि कोनाड्याच्या आत, मागच्या भिंतीवर ठोकला. टक. मग कोनाड्याच्या बाहेर ठोकला. दुसराच आवाज. ती माझ्याकडे बघायला लागली.

"इथे पातळ आहे ना ती? तीनच इंच?"

"हो."

"मग जा तिकडे. मी वाजवते."

मी घरी आले. आई पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. भिंतीतून आवाज यायला लागला. टक, टक. थांबून परत, टक, टक.

आईने मान वळवली. "कोण वाजवता गो?"

तो गो मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी म्हणाले, "आई, कोनाडा आहे. भिंतीतच आहे. पण तोंड पलीकडे आहे. माझी चूक झाली. मी बाजू चुकीची सांगितली, विचारायला लाजले म्हणून." एका दमात सांगून टाकलं.

ती ऐकत होती, पण माझं नाही. टक, टक. तिने पाय खाली सोडले. मी पुढे झाले तर तिने हाताने मला बाजूला केलं. उभी राहिली. एक हात पुढे धरून आवाजाच्या दिशेने गेली, एक पाऊल, दुसरं, आणि तळवा भिंतीला टेकला, बरोबर जिथे पलीकडे चमचा वाजत होता तिथे. तिच्या हाताखालीच वाजत होतं. तिने तळवा तसाच ठेवला. मग दुसऱ्या हाताची बोटं वाकवून आपल्या बाजूने ठोकून पाहिलं. मग वीतभर अलीकडे. मग वीतभर पलीकडे. परत मध्ये.

"पोकळ आसा," ती म्हणाली.

"हो."

"आपलोच आसा. पाठमोरो आसा इतक्याच." तिने भिंतीला कान लावला. पलीकडून आवाज आला, "आजी, कळलं का?" आणि आईने तिच्यापेक्षा मोठ्याने उत्तर दिलं, "कळला गे बाय! माझ्या कोनाड्यात काय ठेवलंस?"

"पावडर!"

"बरा! माजी मिसरीव ठेय मगे!"

मग ती वळली, पाठ त्या जागेला टेकवली आणि उजवीकडे पावलं मोजत निघाली. मोरी चाळीतल्यापेक्षा दोन पावलं लांब निघाली. गॅस एक पाऊल जवळ. दिवसभर ती हेच करत राहिली, भिंतीवर ठोकायची, जागा सापडली की तिथून निघायची, चुकली की परत यायची. मी मध्ये पडले नाही. कपडे घड्या करत बसले आणि ऐकत राहिले. मिस्टरांनी तिथे एक फळी ठोकून देतो म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. भोक पाडलं तर आवाज बदलेल.

यार्डातलं माझं काम अजून चालू आहे. आता दुसऱ्या कुणाच्या इमारतीच्या भिंती निजलेल्या असतात. मिस्त्री काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी खालची सोपी म्हटलं होतं की नाही?" आणि मॅडमकडे आता मी काही विचारायचं असलं तर जाते. घाम येतो, पण जाते.

संध्याकाळी मी घरी येते. चावी माझ्या पर्समध्ये असते. तरी मी ती काढत नाही, बेल वाजवते आणि बाहेर उभी राहते. आधी पलंगाचा आवाज येतो. मग भिंतीवर बोटं वाजतात, एकदा, दोनदा, आणि पोकळ जागेवर थांबतात. मग पावलं. सहा आहेत. मी मोजते. चौथ्याला ती हमखास ओरडते, "किती वाजवतंस गो ती घंटी? येतंय मा!" आणि कडी निघते.